देवघरातलं पिवळं पीक

घट बसले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी पत्रावळीवरच्या काळ्या मातीतून गव्हाचे कोंब डोकं काढतात. दसऱ्यापर्यंत चांगले वीतभर होतात, पण रंग पिवळा. देवघराच्या कोपऱ्यात ऊन नाही, त्यामुळे हरितद्रव्य नाही. मग एवढी वाढ कशाच्या जोरावर? आजी म्हणायची, देवीचा हात. एकदा पाचव्या माळेला मी गुपचूप एक रोप उपटलं (बोलणी खाल्ली, अर्थात) आणि मुळाशी लोंबणारा दाणा चिमटीत दाबला. दुधासारखा थेंब बाहेर आला. पेरताना हाच दाणा दाताने फुटत नव्हता.

गव्हाचा जीव एका टोकाच्या इवल्याशा अंकुरात. बाकीचं पीठ, ज्याच्या आपण पोळ्या लाटतो, ती त्याची शिदोरी. पण स्टार्च त्याला तसाच पचत नाही, साखर करून लागते. भिजलेला अंकुर जिबरेलिन नावाचं संप्रेरक सोडतो. ते कोंड्याला लागून असलेल्या पेशींच्या थरात पोचलं, की तिथून अमायलेज पाझरतं आणि पिठाचं दूध होऊ लागतं. १९६० साली ऑस्ट्रेलियात पालेग आणि जपानात योमो यांनी बार्लीचे अंकुर कापून पाहिले. उरलेल्या दाण्यातला स्टार्च तसाच पडून राहिला. जिबरेलिन दिल्यावर मात्र अंकुराशिवायही त्याची साखर झाली. म्हणजे जेवण मागवतो अंकुर, रांधतो कोंड्यालगतचा थर.

मटकीत वेगळं कोठार नाही. साठा रोपाच्या पहिल्या दोन पानांतच भरलेला. आपण डाळ म्हणतो ती हीच पानं. तूर-हरभऱ्याची डाळ मातीतच राहून रोपाला पोसते. सोयाबीनची वर येते आणि हिरवी होते. पेरणीवर जोराचा पाऊस पडून, मग ऊन लागून मातीने कडक पापुद्रा धरला, तर दोन जाड डाळी वर ओढताना त्या कोवळ्या रोपाची मान मोडते. पेर फार खोल गेली तर शिदोरी वाटेतच संपते.

नाचणीसत्त्व करताना आजी नाचणीला मोड आणायची, वाळवून दळायची. त्यातही तेच अमायलेज असतं. म्हणून या पिठाची पेज शिजताना घट्ट गोळा होत नाही, आणि पीठ थोडं जास्त घातलं तरी बाळ ती सहज गिळतं.