भंडाऱ्याची पोटनिवडणूक: ऐकीव आणि खरे

बाबासाहेबांना भंडाऱ्याने पाडले, हे वाक्य पूर्व विदर्भात टपरीवरही ऐकू येते आणि प्रचारसभेतही. ते खोटे नाही. मे १९५४ मध्ये डॉ. आंबेडकर भंडारा लोकसभा मतदारसंघातून पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि हरले. पण या वाक्याला जे बाकीचे चिकटले आहे, त्यातले बरेचसे ऐकीव आहे.

पहिली गल्लत नावाची. काजरोळकरांनी पाडले, असे सर्रास ठोकून दिले जाते. नारायण काजरोळकर मुंबईचे. त्यांनी हरवले ते १९५२ मध्ये, उत्तर मुंबईत, चौदा हजारांवर मतांनी. भंडाऱ्यात काँग्रेसचे उमेदवार होते भाऊराव बोरकर आणि फरक होता सुमारे आठ हजारांचा. भंडारा तेव्हा महाराष्ट्रातही नव्हता. नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशातला तो जिल्हा, आणि आजचा गोंदिया जिल्हाही त्यातच होता.

दुसरा समज असा की, भंडाऱ्यात हरल्यावर बाबासाहेब मागच्या दाराने राज्यसभेत गेले. तारखा उलट सांगतात. एप्रिल १९५२ पासून ते मुंबई राज्यातर्फे राज्यसभेचे सदस्य होते. भंडाऱ्यात मते मागायला आले तेही खासदार म्हणूनच. हरल्यानंतर तीन-चार महिन्यांत, ऑगस्ट १९५४ मध्ये, त्यांनी राज्यसभेत नेहरूंच्या परराष्ट्र धोरणाचा आणि पंचशीलाचा खरपूस समाचार घेतला. पराभवाने संसद सुटली नव्हती.

मग ही पोटनिवडणूक लागलीच का? कोणी तरी वारले असेल, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ती लागली बिडीमुळे आणि धर्मांतराच्या एका वादामुळे. पहिल्या निवडणुकीत भंडाऱ्याच्या दोन जागांपैकी सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज जसानी निवडून आले. ते मूलजी सिक्का या बिडी कंपनीचे भागीदार, आणि कंपनीचा सरकारशी सैनिकांसाठी बिड्या पुरवण्याचा करार होता. सरकारी कंत्राटात हितसंबंध असलेला माणूस उमेदवार कसा, असा आक्षेप निघाला. दुसरीकडे राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांचा अर्ज फेटाळला गेला होता. कारण ते महानुभाव पंथात गेले, म्हणजे महार उरले नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९५४ मध्ये दोन्ही मुद्द्यांवर निकाल दिला. न्या. विवियन बोस यांनी ठवऱ्यांचे घर तपासावे तसे तपासले: त्यांची दोन्ही लग्ने महार मुलींशी झाली, पहिली बायको शेवटपर्यंत महानुभाव झाली नाही, दुसरी झाली ती लग्नानंतर, जातीच्या कार्यात त्यांना बोलावणे होतेच. म्हणजे पंथ बदलला तरी जातीने त्यांना टाकले नव्हते. जसानींचा अर्ज चुकीने स्वीकारला, ठवऱ्यांचा चुकीने फेटाळला; निवडणूक रद्द. धर्म बदलल्यावर जात उरते का, हा प्रश्न दोनच वर्षांनी नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर लाखो लोकांपुढे उभा राहिला आणि केंद्राच्या पातळीवर तो सुटायला १९९० उजाडले.

आता सर्वांत घट्ट गैरसमज: राखीव जागा, म्हणजे मते दलितांचीच, म्हणजे बाबासाहेबांना आपल्याच माणसांनी पाडले. हे साफ चूक आहे. भंडारा द्विसदस्य मतदारसंघ होता. प्रत्येक मतदाराला, मग तो कोणत्याही जातीचा असो, दोन मते; मात्र दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. राखीव जागेचा निकाल सगळ्या मतदारसंघाच्या मतांवर लागे. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता बाबासाहेबांच्या जोडीने उभे होते. त्यांनी काँग्रेसच्या पूनमचंद रांका यांना हरवले. म्हणजे काँग्रेसची लाट वगैरे काही नव्हती. जोडीतला एक तरला, दुसरा बुडाला.

कार्यकर्त्यांनी दुसरे मत कुजवायचा, म्हणजे मेहतांना न देता वाया घालवायचा, सल्ला दिला होता आणि बाबासाहेबांनी तो झिडकारला, असा किस्सा अजून सांगतात. यावर हुशार लोक हसतात: राखीव जागेची लढत बोरकरांशी, मग मेहतांची मते कमी करून काय मिळणार? पण नियम वेगळा होता. आधी राखीव जागा भरायची, त्यानंतर उरलेल्या सगळ्यांत ज्याची मते जास्त त्याला दुसरी जागा, मग तो कोणत्याही जातीचा असो. याच नियमाने १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये दोन्ही जागा आदिवासी उमेदवारांना गेल्या आणि व्ही. व्ही. गिरींसारखा मोठा नेता घरी बसला. त्यामुळे मेहतांना आणि रांकांना मागे टाकले असते, तर बोरकरांकडून हरूनही बाबासाहेब लोकसभेत गेले असते. किस्सा घडला असेल-नसेल, त्यामागचा हिशेब पक्का आहे. अशी पद्धत पुढे १९६१ च्या कायद्याने मोडीत निघाली.

बोरकरांचे नाव आज केवळ या एका निकालासाठी घेतले जाते. त्यांच्यानंतर १९५५ मध्ये त्याच राखीव जागेवरून अनसूयाबाई बोरकर लोकसभेत गेल्या, हे भंडाऱ्यातही फारसे कोणी सांगत नाही.