गावचे वाचनालय : सेवा, उपक्रम आणि कारभार

महाराष्ट्रातले सार्वजनिक वाचनालय सहसा सरकारी नसते. गावातल्या चार माणसांनी एकत्र येऊन संस्था नोंदवायची, जागा मिळवायची, वर्गणीदार जमवायचे आणि पुढे शासनाची मान्यता घेऊन अनुदान मिळवायचे, अशी त्याची नेहमीची घडण आहे. कार्यकारी मंडळ स्थानिक, ग्रंथपालाची नेमणूक संस्थेची आणि खर्चाचा मोठा भाग शासनाचा. अशी अनुदानित ग्रंथालये राज्यात अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. वाचनालय कोणत्या सेवा देते, कशासाठी पैसे घेते आणि कुठे कमी पडते, हे सगळे या दुहेरी रचनेतून ठरते.

जडणघडण

रत्नागिरीचे जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मध्ये, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ मध्ये आणि कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० मध्ये सुरू झाले. या काळातल्या अनेक संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ या नावाने निघाल्या. ब्रिटिश अधिकारी, सरदार-जहागीरदार आणि इंग्रजी शिकलेली मंडळी हे त्यांचे आश्रयदाते असत आणि कपाटांत इंग्रजी पुस्तकांचा भरणा असे. मराठी ग्रंथ जमवणे हेच काम मानणाऱ्या संस्था शतकाच्या शेवटी उभ्या राहिल्या. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चे.

पुस्तक शहराबाहेर नेण्याचा मोठा प्रयोग बडोद्यात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डेन या ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. निवडक पुस्तकांनी भरलेल्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जात आणि त्यांचा खर्च संस्थान उचलत असे. कायद्याचा मान मात्र कोल्हापूरकडे जातो. त्या संस्थानाने १९४५ मध्ये केलेला ग्रंथालय कायदा हा भारतातला अशा प्रकारचा पहिला. महाराष्ट्र राज्याचा सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा आहे आणि अनुदानाचे नियम १९७० चे. नव्या कायद्याने जुन्या वाचनालयांचे सरकारीकरण केले नाही. त्यांना मान्यता, वर्ग आणि अनुदान देऊन होती तशीच लोकांच्या हाती ठेवली. शेजारच्या गोव्यात चित्र वेगळे आहे. १८३२ मध्ये पणजीत सुरू झालेले तिथले मध्यवर्ती ग्रंथालय आज कृष्णदास शामा यांच्या नावाने सरकारच चालवते.

देवघेव

वाचनालयाची मूळ सेवा म्हणजे पुस्तकांची देवघेव. सभासद होताना अर्ज, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, अनामत रक्कम आणि पहिली वर्गणी द्यावी लागते. वर्गणी मासिक, सहामाही किंवा वार्षिक असते. जास्त वर्गणी भरणाऱ्याला एकाच वेळी जास्त पुस्तके किंवा पुस्तकाबरोबर एक मासिक नेता येते. मुदत साधारण आठवडा ते पंधरवडा. पुढे दिवसागणिक दंड. अनामत परत मिळते, मात्र थकबाकी आणि हरवलेल्या पुस्तकाची किंमत तीतून वळती होते.

नवे पुस्तक दुकानातून थेट कपाटात जात नाही. बिलाशी पडताळून ते आधी दाखल नोंदवहीत चढते. लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत आणि विक्रेता अशा रकान्यांपुढे त्याला एक दाखल क्रमांक मिळतो. संस्था टिकेल तोवर हा क्रमांक दुसऱ्या पुस्तकाला दिला जात नाही. मग मुखपृष्ठामागच्या पानावर संस्थेचा शिक्का बसतो. शिवाय आतल्या एका ठरावीक पानावरही शिक्का मारतात, म्हणजे कुणी पहिली पाने फाडली तरी पुस्तक कोणाचे ते कळते. शेवटच्या पानावर तारखेची पट्टी चिकटवली जाते आणि आतल्या बाजूला कार्डासाठी खिसा. पुस्तक घरी जाताना हे कार्ड सभासदाच्या तिकिटासह टेबलावरच्या लाकडी खणात राहते आणि पुस्तक परतले की पुन्हा खिशात जाते. संगणक आलेल्या ठिकाणी कार्डाची जागा बारकोडने घेतली आहे. दाखल नोंदवही मात्र तपासणीच्या वेळी आजही मागितली जाते.

कपाटातली जागा वर्गांकावरून ठरते. अनेक ग्रंथालये ड्यूईची दशांश पद्धती वापरतात. तीत मराठी साहित्य ८९१.४६ या क्रमांकाखाली येते. त्यापुढे १ म्हणजे कविता, २ म्हणजे नाटक, ३ म्हणजे कथा-कादंबरी. ज्या वाचनालयात कादंबऱ्यांचीच कपाटेच्या कपाटे असतात तिथे प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर ८९१.४६३ लिहून फारसे काही साधत नाही. म्हणून लहान वाचनालये कादंबरीला ‘क’, चरित्राला ‘च’, नाटकाला ‘ना’ अशी आपापली अक्षरे लावून काम भागवतात.

जुन्या वाचनालयांत कपाटे टेबलाच्या पलीकडे असत. वाचकाने चिठ्ठीवर चार-पाच नावे लिहायची आणि आतला माणूस त्यांतले हाती लागेल ते आणून देणार. अलीकडे वाचकाला थेट कपाटापर्यंत जाऊ देण्याची पद्धत रुळली आहे. तिने न मागितलेली पुस्तकेही वाचली जाऊ लागली. पण पुस्तक भलत्याच फळीवर ठेवले जाणे आणि गहाळ होणेही वाढले. त्यामुळे वर्षाकाठची ग्रंथमोजणी टाळता येत नाही. मोजणीत न सापडलेली आणि फाटून निकामी झालेली पुस्तके ठराव करून नोंदीतून बाद करावी लागतात. उरलेल्यांतली बरीच बांधणीला जातात.

वृत्तपत्रे, मासिके, दिवाळी अंक

वाचनालयात सर्वांत आधी जाग येते ती वृत्तपत्र विभागाला. इथे बहुधा वर्गणी लागत नाही. सकाळी निवृत्त मंडळी येतात आणि दुपारी नोकरीच्या जाहिराती पाहणारी मुले. एकच अंक चौघांना वाचता यावा म्हणून पाने सुटी करून वाटून घेण्याची रीत सगळीकडे आहे. अंक कात्री लावून नेला जाऊ नये म्हणून काही ठिकाणी ते उतरत्या लाकडी फळ्यांवर सळईत अडकवलेले असतात. किती वृत्तपत्रे आणि नियतकालिके घ्यायची याची किमान संख्या ग्रंथालयाच्या वर्गानुसार नियमांत ठरलेली आहे.

दिवाळीनंतरचे दोन-तीन महिने खास मराठी वाचनालयांचा हंगाम. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून ही परंपरा वाढत गेली. आज निघणारे सगळे अंक विकत घेणे कोणत्याही घराला परवडणारे नाही. म्हणून वाचनालये वेगळी ‘दिवाळी अंक योजना’ काढतात. ठरावीक रक्कम भरली की हंगामभर एकेक, दोन-दोन अंक बदलून नेता येतात. एरवी वाचनालयाकडे न फिरकणारी माणसेही या योजनेचे सभासद होतात आणि त्यांतले काही पुढे कायमचे वर्गणीदार बनतात.

संदर्भ विभाग

घरी न देता जागेवरच वाचायला मिळणारी पुस्तके संदर्भ विभागात असतात. श्रीधर व्यंकटेश केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मराठी विश्वकोश, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचे चरित्रकोश, महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश आणि जिल्हा गॅझेटियर ही त्यातली ठरलेली मंडळी. विश्वकोश आता संगणकावरही वाचता येतो. त्यामुळे हे खंड पूर्वीइतके उघडले जात नाहीत.

जुन्या वाचनालयांच्या संदर्भ विभागाचे खरे मोल इतरत्र न मिळणाऱ्या गोष्टींत आहे. बंद पडलेल्या मासिकांचे बांधीव संच, गावातल्या संस्थांची स्मरणिका-पुस्तके, नगरपालिकेचे जुने अहवाल, कुणा घराण्याने दिलेल्या पोथ्या असे बरेच काही तिथे सापडते. स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला शेवटी इथेच यावे लागते. एकोणिसाव्या शतकातला कागद मात्र पिवळा पडून तुटू लागला आहे. कसर, वाळवी आणि कोकणातली दमट हवा ही कारणे आहेतच. ज्या वाचनालयांना जमले त्यांनी दुर्मीळ ग्रंथांची पाने संगणकावर उतरवून मूळ प्रती हाताळणीबाहेर ठेवल्या आहेत.

बालविभाग आणि महिला विभाग

बालविभागाची वर्गणी नाममात्र असते. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे, दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे, बालभारतीचे ‘किशोर’ मासिक आणि चित्रमय गोष्टींची पुस्तके इथे सतत फिरतात. वार्षिक परीक्षा संपली की उन्हाळी सुट्टीची योजना सुरू होते. मुलाने आठवड्याला काही पुस्तके न्यायची, वाचलेल्याबद्दल वहीत चार ओळी लिहायच्या आणि सुट्टीच्या शेवटी बक्षीस. जोडीला कथाकथन, हस्ताक्षर, वक्तृत्व आणि चित्रकलेच्या स्पर्धा असतात. शाळांची ग्रंथालये जिथे कपाटात कुलूपबंद असतात तिथे हा विभाग शाळेचे काम करतो. काही वाचनालये वर्गशिक्षकांच्या हाती पुस्तकांचा गठ्ठाच देतात आणि महिन्याने बदलतात.

महिलांसाठी वेगळी वेळ किंवा वेगळी खोली ही जुनी सोय काही ठिकाणी अजून टिकून आहे. तिची गरज आता वेगळ्या रूपात पुढे येते. ज्यांना घर सोडून येणे जमत नाही अशा गृहिणी आणि ज्येष्ठ नागरिक यांच्यासाठी घरपोच पुस्तकसेवा चालवली जाते. दृष्टिहीन वाचकांसाठी मोठ्या शहरांतल्या ग्रंथालयांत ब्रेल आणि श्राव्य पुस्तके मिळतात.

अभ्यासिका

गेल्या काही वर्षांत सर्वांत वेगाने वाढलेली सेवा म्हणजे स्पर्धा परीक्षांची अभ्यासिका. राज्यसेवा, पोलीस भरती, तलाठी, बँक अशा परीक्षांची तयारी करणारी मुले सकाळी लवकर येतात आणि रात्री उशिरापर्यंत बसतात. त्यांना कादंबरी नको असते. पाठ्यपुस्तकांचे संच, ‘लोकराज्य’ आणि ‘योजना’ ही मासिके, प्रश्नसंच, चांगला उजेड, पंखा आणि मुख्य म्हणजे शांतता हवी असते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे राहत असतील तर ही शांतता विकतही मिळत नाही. खासगी अभ्यासिकांचे शुल्क न झेपणाऱ्यांना वाचनालयाचा बाक सोयीचा पडतो.

या सेवेने वाचनालयाचे अर्थकारण आणि स्वभाव दोन्ही बदलले. अभ्यासिकेच्या शुल्कातून नियमित उत्पन्न येते, पण खोली तिला दिली की वाचनकक्ष आक्रसतो. अभ्यासिकेत बसणारा विद्यार्थी वर्षभर रोज येऊनही देवघेवीच्या टेबलापाशी एकदाही जात नाही, असेही घडते. दोन्ही विभागांसाठी पुरेशी जागा असलेली वाचनालये हा प्रश्न सोडवू शकतात. एका दालनात चालणाऱ्यांना मात्र कोणता तरी एक वाचक निवडावा लागतो.

व्याख्याने आणि दिनविशेष

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तिच्या धर्तीवर पुढे गावोगावी व्याख्यानमाला निघाल्या आणि त्यांतल्या अनेकांचे यजमानपद वाचनालयांकडे आले. वक्त्याचा प्रवास, मुक्काम आणि मानधन देणगीदाराच्या नावाने दिलेल्या ठेवीच्या व्याजातून भागवले जाते. म्हणून प्रत्येक पुष्प कुणाच्या तरी स्मृत्यर्थ गुंफलेले असते. व्याज उतरले की एका पुष्पाचा खर्च दोन देणग्यांतून करावा लागतो.

वर्षाचे दिनविशेषही ठरलेले आहेत. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १२ ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन. जिल्हा पातळीवर शासनाचा ग्रंथोत्सव भरतो. ग्रंथदिंडी, परिसंवाद, कविसंमेलन आणि विक्रीची दालने असे त्याचे स्वरूप असते. उत्तम काम करणाऱ्या ग्रंथालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचा आणि कार्यकर्त्याला व सेवकाला डॉ. रंगनाथन यांच्या नावाचा पुरस्कार शासन देते.

पैसा आणि माणसे

ग्रंथसंख्या, सभासद आणि सेवा पाहून ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. जिल्हा आणि तालुका ग्रंथालयांचे वर्ग वेगळे. मान्य खर्चाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत अनुदान मिळते, उरलेले संस्थेने उभे करायचे. अनुदान हप्त्यांनी येते. त्यातला निम्मा भाग कर्मचाऱ्यांच्या वेतनावर आणि निम्मा ग्रंथ, नियतकालिके, भाडे, वीज यांवर खर्चायचा असतो. जिल्हा ग्रंथालय कार्यालय दरवर्षी तपासणी करते. याखेरीज कोलकात्याचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान पुस्तके, फर्निचर आणि इमारतीसाठी साह्य करते.

२०२२ मध्ये शासनाने अनुदानात साठ टक्के वाढ केली. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाचे वार्षिक अनुदान ४८ हजार रुपये झाले. निम्मे वेतनाला धरले तर ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजार रुपये आले. साहजिकच छोट्या गावात ग्रंथपाल हा शेती, दुकान किंवा शिकवण्या सांभाळून संध्याकाळचे काही तास वाचनालय उघडणारा माणूस असतो. मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपाल, सहायक ग्रंथपाल, निर्गम सहायक, लिपिक आणि शिपाई अशी कामाची विभागणी असते. लहान ठिकाणी ही पाचही कामे एकाकडेच येतात. झाडू मारण्यापासून दाखल नोंदवही लिहिण्यापर्यंत सगळे तोच करतो.

सेवांमधला फरक मुख्यतः इथून येतो. संगणकीकृत सूची, घरपोच पुस्तके, बालवाचकांचे उपक्रम यांतले काहीच तंत्र म्हणून अवघड नाही. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली ग्रंथालयांसाठीच तयार झालेली आहे. पण हजारो पुस्तकांच्या नोंदी तिच्यात भरायला कुणाला तरी रोज काही तास बसावे लागते. ज्या वाचनालयाला पूर्णवेळ माणूस ठेवता येतो तिथे वर वर्णन केलेल्या बहुतेक सेवा मिळतात. जिथे तो ठेवता येत नाही तिथे वृत्तपत्रे आणि देवघेव या दोनच चालू राहतात.