करून दाखवू नका!

जुन्या नाटकमंडळींत नटाच्या वाट्याच्या भाषणांना ‘नक्कल’ म्हणत. नक्कल पाठ झाली की तालीममास्तर ती घोटून घेत. गोविंद बल्लाळ देवल (१८५५–१९१६) हे या मास्तरांतले थोर नाव. गणपतराव बोडस त्यांच्याच तालमीत तयार झाले, आणि ‘संशयकल्लोळ’मधला त्यांचा फाल्गुनराव महाराष्ट्र विसरला नाही.

पण ते नट मंडळीतच जेवत, राहत आणि वर्षानुवर्षे तालमी करीत. आपली महाविद्यालयीन मुले येतात ती तास आटोपून, डोळा घड्याळावर ठेवून! त्यांना मास्तरांनी करून दाखविले, की दुसऱ्या अर्थाची नक्कल तेवढी हाती लागते. पंचेचाळिशीचे मास्तर जसे रडतील तशी अठरा वर्षांची पोर रडू लागते, आणि प्रेक्षकांना हसू फुटते.

म्हणून करून दाखवू नये, विचारावे. ‘हे वाक्य तू कोणाला म्हणतोस? त्याच्याकडून तुला काय हवे आहे?’ पहिले आठ दिवस नुसते बसून वाचावे. अर्थ उमगला की आवाज आपसूक चढतो-उतरतो. हालचाली त्यानंतर. नवख्या नटाची परीक्षा स्वतःच्या भाषणात नसते. दुसरा बोलत असता त्याच्या हातांचे काय होते, यात असते. त्या हातांना छत्री द्या, कपबशी द्या. निम्मी भीती पळते. आणि आपण स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा.

पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेने १९६३ साली पुरुषोत्तम करंडक स्पर्धा सुरू केली, तेव्हापासून महाविद्यालयांतून एकांकिकेचे वारे संचारले. पण करंडक डोळ्यांपुढे नाचू लागला की माणूस दिसेनासा होतो. आमच्याकडे एका स्पर्धेच्या वेळी वकिलाच्या भूमिकेसाठी निवडलेल्या मुलाचा ‘ण’ काही केल्या उमटेना. ‘परीक्षक हसतील, मुलगा बदला,’ असा सल्ला मिळाला. मी त्याला रोज एक पान मोठ्याने वाचावयास लावले आणि भूमिका त्याच्याकडेच ठेवली. ‘ण’ जेमतेम सुधारला. बक्षीस मिळाले नाही. मात्र वर्गात मागच्या बाकावर मान खाली घालून बसणारा तो मुलगा पुढे उभा राहून प्रश्न विचारू लागला. परीक्षकांच्या कागदावर या गुणांना रकाना नसतो!

या सुटीत तुमच्या सोसायटीतली मुले चादरीचा पडदा बांधून नाटक करतील. कोणी वाक्य विसरेल, कोणाची मिशी गळेल. आईबाबांनो, समोरून वाक्ये सांगू नका. थोडे थांबा. त्या शांततेतून मूल स्वतःचे वाक्य शोधून काढील, आणि ते ऐकण्यासाठीच तर आपण सतरंजीवर बसलेलो असतो.