रानातले शेजारी, लेखांक ७ : अस्वल अंगावर येतं तेव्हा

शीव-माटुंग्यातल्या पन्नाशी ओलांडलेल्यांना दरवेशी आठवत असेल. वेसण घातलेलं अस्वल डमरूवर नाचवत तो गल्लीत यायचा. १९९८ साली केंद्र सरकारनं या खेळांवर बंदी आणली, ते फार बरं झालं. पण अस्वल म्हणजे गरीब जनावर ही समजूत मनात राहिली. उन्हाळ्यात आपल्याकडून कितीतरी कुटुंबं ताडोबा, मेळघाटला जातात. तिथल्या गावकऱ्यांना विचारा, अनेकजण वाघापेक्षा अस्वलालाच जास्त वचकून असतात. १९८९ ते १९९४ या काळात तेव्हाच्या मध्य प्रदेशात अस्वलांनी ७३५ माणसांवर हल्ले केल्याची नोंद आहे. त्यांतली ४८ दगावली. बाकीची वाचली, पण अस्वलाचा पंजा बहुतेकदा डोक्यावर, चेहऱ्यावर पडतो. डोळा, नाक, जबडा जातो आणि माणूस जन्मभर तो चेहरा घेऊन जगतो.

माणूस हे अस्वलाचं भक्ष्य नाही. ते वाळवी, मुंग्या, मध, मोहफुलं, बोरं, जांभळं खातं. वारूळ फोडून ते तोंड आत खुपसतं, फुंकरीनं माती उडवतं आणि वाळवी शोषून घेतं. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, त्या फटीतून किडे आत ओढले जातात. धूळ जाऊ नये म्हणून नाकपुड्या मिटता येतात. नजर मुळातच अधू, त्यात कान स्वतःच्याच घुरघुराटानं भरलेले. आपण अगदी जवळ पोचेपर्यंत त्याला पत्ताच नसतो.

आणि दचकलेलं अस्वल बऱ्याचदा पळण्याऐवजी धावून येतं. हा प्राणी वाघ-बिबट्यांच्या शेजारात घडला आहे. झाडावर चढून सुटावं, तर बिबट्याही चढतो. म्हणून मादी पिल्लांना पाठीवर घेते आणि समोरच्यावर तुटून पडते. २०१८ मध्ये ताडोब्यात पिल्लासह आलेली एक मादी मटकासूर नावाच्या दांडग्या वाघाशी झुंजली. जखमी झाली, पण जिवंत सुटली.

तेव्हा खरा बचाव हल्ल्याच्या आधीच करायचा असतो. आपण येतोय हे त्याला कळू द्या. तिघाचौघांनी मिळून, मोठ्यानं बोलत चाला. काठी आपटत चाला. पहाटे आणि तिन्हीसांजेला रानात पायी जाऊ नका. मोहफुलं वेचणारी माणसं नेमकी पहाटे निघतात आणि मोहाखाली अस्वलही तेव्हाच येतं. त्यांना ही वेळ टाळणं परवडत नाही, आपल्याला सहज परवडतं.

लांबून दिसलं आणि त्याला आपली चाहूल नसेल, तर आल्या वाटेनं हळूच मागे फिरा. पिल्लू दिसलं तर त्याच्या आणि आईच्या मध्ये कधीही येऊ नका. अस्वलानं पाहिलं असेल तर एकमेकांना चिकटून उभे राहा, खणखणीत आवाजात बोला, पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे घ्या. काठी पुढे धरा. कित्येकदा ते धावून येतं आणि मध्येच थबकतं. पळू नका, ते माणसापेक्षा वेगानं धावतं. गोष्टीतल्या मित्रासारखं झाडावरही चढू नका, पोळ्यातल्या मधासाठी ते सराईतपणे झाडं चढतं.

अंगाला भिडलंच तर पालथे पडा. उताणं कधीच नाही. बोटं मानेमागे गुंफा, कोपरांनी गाल झाका, चेहरा जमिनीत दाबा, पाठीवरची पिशवी राहू द्या. ते दूर गेल्याची खात्री होईपर्यंत हलू नका. नंतर वाहतं रक्त स्वच्छ कापडानं दाबून धरा. रक्त आटोक्यात आलं की जखमा साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. वन विभागाला १९२६ वर आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ वर फोन करा. टाके पडले म्हणजे उपचार संपले असं समजू नका, धनुर्वाताच्या लसीबरोबर रेबीजची लस आणि जखमेत देण्याचं सीरम डॉक्टरांकडे आवर्जून मागा.

पुढच्या आठवड्यात रानडुक्कर.