वसईचा तह आणि क्युबाची घटना

पाचूबंदरला एका बाजूला खाडीचं मुख, बोटी आणि बांबूंवर वाळणारे बोंबील, दुसऱ्या बाजूला वसई किल्ल्याचा तट. किल्ला पाहून मासळी घ्यायला इकडे वळणाऱ्या पाहुण्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "वसईच्या तहाने पेशव्यांनी वसई इंग्रजांना देऊन टाकली." तसं झालेलं नाही.

मुळात वसईचे तह दोन. पहिला 23 डिसेंबर 1534 चा. हुमायूनची धास्ती घेतलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना लिहून दिली. मुंबईची बेटंही त्यातच गेली. त्याआधी पोर्तुगीजांनी इथे हल्ले केले होते, पण कायमचा ताबा मिळाला तो या कागदाने. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी तो मोडून काढला. (कोळीवाड्यातले ख्रिस्ती म्हणजे पोर्तुगीजांचे वंशज, हा आणखी एक समज. धर्म त्या काळात आला, माणसं आधीपासून इथलीच.)

दुसरा तह 31 डिसेंबर 1802 चा. ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या फौजा उधळल्या. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या जहाजातून वसईला आला. इथे ईस्ट इंडिया कंपनीच्या कर्नल क्लोजबरोबर करार झाला. कंपनीची किमान 6000 पायदळाची फौज पेशव्याच्या मुलखात कायमची राहणार. तिच्या खर्चासाठी 26 लाखांच्या वसुलीचा मुलूख तोडून द्यायचा. सुरतेवरचा हक्क सोडायचा. निजाम आणि गायकवाड यांच्याशी तंटा झाला तर निवाडा कंपनीचा. आणि खरी मेख पुढे आहे. इंग्रजांशी वैर असलेल्या देशाचा युरोपियन नोकरीत ठेवायचा नाही, आणि कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही सत्तेशी बोलणी करायची नाहीत.

म्हणजे वसई पेशव्यांकडेच राहिली, त्यांचं परराष्ट्र धोरण गेलं. उत्तर कोकण कंपनीकडे गेलं ते जून 1817 च्या पुण्याच्या तहाने. बाजीरावाच्या भित्रेपणावर सगळं खापर फोडणंही सोयीचं, पण अपुरं. गव्हर्नर जनरल वेलस्लीने हाच साचा निजामाला 1798 मध्ये आणि अवधला 1801 मध्ये लावला होता. गादी वाचवायला मदत हवी असलेला राजा सापडला, की मसुदा तयारच असे.

या साच्याचा पुढचा वापर पाहायचा तर अमेरिकेकडे वळावं लागतं. "अमेरिका स्वतःच इंग्रजांची वसाहत होती, तिने कुठे साम्राज्य उभं केलं?" असं आपल्याकडे शिकलेली माणसंही म्हणतात. 1898 हे एकच वर्ष घ्या. जुलैत हवाई बेटं अमेरिकेला जोडली गेली. त्याच वर्षी स्पेनशी युद्ध झालं, आणि डिसेंबरात पॅरिसच्या तहाने स्पेनकडून पोर्तो रिको आणि ग्वाम मिळाले, आणि 2 कोटी डॉलर मोजून फिलिपिन्सही. तिथल्या लोकांना कोणी विचारलं नाही. ते 1899 पासून अमेरिकेशी लढले, आणि त्या युद्धात माणसं फार मेली.

क्युबाची गोष्ट मात्र थेट वसईच्या वळणाची. क्युबा गिळणार नाही, असं अमेरिकेच्या संसदेने स्पेनशी युद्ध होण्याआधीच ठरावाने जाहीर केलं होतं. शब्द पाळला, पण 1901 मध्ये प्लॅट दुरुस्ती नावाची अटींची यादी पुढे केली. स्वातंत्र्याला बाध येईल असा करार क्युबाने परक्या सत्तेशी करू नये, बेताबाहेर कर्ज काढू नये, गरज वाटल्यास अमेरिका हस्तक्षेप करील, आणि आरमारी तळांसाठी जागा द्यावी. हे सारं क्युबाने स्वतःच्या राज्यघटनेला जोडायचं होतं, त्याशिवाय युद्धानंतर क्युबात बसलेली अमेरिकी फौज हलणार नव्हती. क्युबाने ते जोडलं, 1902 मध्ये फौज गेली, आणि 1906 मध्ये तीच दुरुस्ती दाखवून परत आली.

फरकही आहे. पेशव्याच्या मुलखात फौज ठेवण्यासाठी करार होता, क्युबातून फौज काढण्यासाठी. क्युबाच्या घटनासमितीत त्यावर मतदान तरी झालं. वसईत शिंदे-होळकरांना कोणी विचारलंच नाही, आणि वर्षाच्या आत असईच्या लढाईत शिंद्यांना त्याची किंमत मोजावी लागली.

प्लॅट दुरुस्ती 1934 मध्ये रद्द झाली, पण ग्वांतानामोचा तळ अमेरिकेकडेच राहिला. भाड्यापोटी ती वर्षाला 4,085 डॉलरचा चेक काढते, आणि क्युबाचं सरकार कित्येक दशकं तो वटवत नाही. बाजीरावाने मात्र 1818 मध्ये पेशवाई गेल्यावर ठरलेलं वर्षाचं 8 लाखांचं पेन्शन बिठूरला बसून 1851 पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, घेतलं.