चेक पास कोण करतो?

बँकेत चेक दिला की हातात पितळी बिल्ला यायचा आणि नंबर पुकारला जाईपर्यंत बाकावर बसून राहावे लागायचे, हे आता पन्नाशीच्या पुढच्या वाचकांनाच आठवत असेल. वेळ फुकट जातो म्हणून तेव्हा सगळेच कुरकुरत. काउंटरच्या पलीकडे मात्र त्या वेळात ठरलेले काम चाललेले असे. कारकून लेजर उघडून शिल्लक बघायचा, तारीख तपासायचा, अक्षरी आणि अंकी रक्कम जुळवायचा आणि नोंद करायचा. मग चेक अधिकाऱ्याच्या टेबलावर जायचा. तो नमुना सहीचे कार्ड काढून सही पडताळायचा आणि स्वतःची छोटी सही करून चेक पास करायचा. नोटा मोजून देणारा रोखपाल हा तिसराच माणूस. ज्याने नोंद केली त्यानेच ती मंजूर करायची नाही, हा बँकेच्या कामातला जुना शिरस्ता. संगणक आले तरी तो मोडला नाही, फक्त त्याला ‘मेकर-चेकर’ हे नाव पडले. आजही शाखेतल्या एकाने संगणकात टाकलेला मोठ्या रकमेचा व्यवहार दुसऱ्याच्या लॉगिनमधून मंजूर झाल्याखेरीज पुढे सरकत नाही.

डिजिटल बँकिंगवर आपल्याकडे जे लिहिले जाते त्यात बहुतेक वेळा वेगाचे कौतुक असते, आणि ते रास्तही आहे. 2005 साली एनईएफटी आली, 2010 मध्ये आयएमपीएस, आणि 11 एप्रिल 2016 रोजी तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचा प्रारंभ झाला. 2024-25 या आर्थिक वर्षात यूपीआयवरून सुमारे 18,600 कोटी व्यवहार झाले, त्यांची रक्कम 260 लाख कोटी रुपयांच्या घरात गेली, आणि 2025 च्या ऑगस्टात एका महिन्यातल्या व्यवहारांनी प्रथमच 2,000 कोटींचा टप्पा ओलांडला. पण या वेगाआड एक फेरबदल झाला आणि त्याची कोणी जाहिरात केली नाही. कारकून, पास करणारा अधिकारी आणि रोखपाल या तिघांची कामे खातेदाराच्या गळ्यात पडली. कामापाठोपाठ जोखीमही त्याच्याकडे आली. पगार अर्थातच आला नाही.

यूपीआयने पैसे पाठवताना बँकेची यंत्रणा काय तपासते ते पाहिले की हे लक्षात येते. फोन आणि सिम नोंदवलेलेच आहे का, पिन बरोबर आहे का, शिल्लक पुरेशी आहे का, दिवसाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, एवढे जुळले की देणाऱ्याच्या बँकेत रक्कम वजा होते, राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यंत्रणेतून निरोप जातो आणि घेणाऱ्याच्या बँकेत ती जमा होते. सगळे काही सेकंदांत. समोरचा माणूस खरोखर तोच आहे का, हा व्यवहार या खात्याच्या नेहमीच्या चालीत बसतो का, सत्तर वर्षांची व्यक्ती आयुष्यभराची ठेव मोडून कालपर्यंत नाव न ऐकलेल्या खात्यात का पाठवते आहे, असे प्रश्न मुरलेल्या अधिकाऱ्याच्या मनात सहज येत. ते विचारण्याची जागाच आता उरलेली नाही. मागे एखादे धोका मोजणारे सॉफ्टवेअर चालू असते, पण त्याला शंका आली तर कोणाला जाब द्यावा लागेल हे ठरलेले नाही. अशा व्यवस्थेत शंका फारशा येत नाहीत.

जोखीम सरकली म्हणजे नेमके काय झाले, हे कायद्याकडे पाहिल्यावर समजते. चेकवरची सही बनावट असेल तर ती खातेदाराची आज्ञाच नव्हे, म्हणून बँकेने पैसे भरून द्यायचे, हे तत्त्व जुने आहे. ‘कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन’ या 1987 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते पक्के केले. त्या प्रकरणात कंपनीच्याच हिशेबनिसाने बनावट सह्या करून 42 चेक वटवले होते. कंपनीने वर्षानुवर्षे खातेउतारे नीट पाहिले नाहीत, असा बचाव बँकेने केला आणि तो टिकला नाही. रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक याच वळणाचे आहे. खातेदाराच्या परवानगीविना, तिसऱ्याच कोणी व्यवहार केला आणि तीन कामकाजी दिवसांत तक्रार केली तर खातेदाराची जबाबदारी शून्य, आणि सिद्ध करण्याचे ओझे बँकेवर. याच आधारावर मुंबई उच्च न्यायालयाने 2024 च्या जूनमध्ये एका खातेदार कंपनीला 76 लाखांहून अधिक रक्कम परत देण्याचा आदेश एका बँकेला दिला.

अडचण ‘परवानगीविना’ या शब्दापाशी सुरू होते. आजचा भामटा सही गिरवत बसत नाही. तो खातेदाराकडूनच पिन दाबून घेतो. कधी वीज तोडण्याची धमकी असते, कधी शेअर बाजारातल्या नफ्याचे आमिष, आणि कधी गणवेशातला तोतया अधिकारी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ करून माणसाला दिवसचे दिवस खोलीत डांबतो. असल्या अटकेला कायद्यात थारा नाही, तरी ‘मन की बात’मधून खुद्द पंतप्रधानांना ऑक्टोबर 2024 मध्ये तसे सांगावे लागले. अशा प्रकरणात बँकेचे उत्तर तयार असते: पिन तुम्हीच टाकला. तांत्रिकदृष्ट्या ते खरे आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत लोकांनी 2023 मध्ये 7,465 कोटी रुपये गमावले आणि 2024 मध्ये 22,845 कोटी. एका वर्षात तिप्पट. यातल्या ज्या व्यवहारांत पिन खातेदाराच्या बोटाने दाबला गेला, तिथे 2017 च्या परिपत्रकाचे छत्र तोकडे पडते.

फसलेली संस्था असली की हिशेब कसा बदलतो, याचे उदाहरण पुण्यात आहे. 2018 च्या ऑगस्टात कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला. हल्लेखोरांनी एटीएम व्यवहारांना मंजुरी देणाऱ्या यंत्रणेच्या जागी स्वतःची बनावट यंत्रणा बसवली आणि बनावट कार्डांना तीच होकार देत सुटली. म्हणजे चेकरच बदलला. 28 देशांतल्या एटीएममधून आणि हाँगकाँगच्या एका बँकेत वळवलेल्या रकमेतून एकूण 94 कोटींच्या आसपास गेले. तो तोटा बँकेने सोसला, ठेवीदारांच्या खात्यातून एक रुपयाही वजा झाला नाही. तसेच व्हायला हवे होते. पण लबाडाने बँकेच्या यंत्राला गंडवले तर तोटा बँकेचा, आणि बँकेने चेकरच्या खुर्चीत बसवलेल्या निवृत्त शिक्षिकेला गंडवले तर तोटा तिचा, ही वाटणी कोणत्या न्यायात बसते?

माझ्या मते उपाय दोन भागांचा आहे. पहिला, फसवून घेतलेल्या परवानगीचा तोटा बँकांनी वाटून घ्यावा. ब्रिटनने हे 7 ऑक्टोबर 2024 पासून सक्तीचे केले. तिथे फसलेल्या ग्राहकाला 85,000 पौंडांपर्यंत भरपाई मिळते आणि तिचा निम्मा भार पाठवणारी बँक उचलते, निम्मा पैसे जमा करून घेणारी. या दुसऱ्या निम्म्याला मी जास्त महत्त्व देतो. लुटलेला पैसा कोणत्या तरी बँकेतल्या कोणत्या तरी खात्यातच उतरतो. ही ‘म्यूल’ खाती, म्हणजे कमिशनवर भाड्याने दिलेली खाती, कोणीतरी केवायसी करूनच उघडलेली असतात. आज असे खाते उघडणाऱ्या बँकेला तोट्यातला छदामही द्यावा लागत नाही, मग तिने डोळे उघडे का ठेवावेत? रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने अशी खाती हुडकण्यासाठी ‘म्यूलहंटर’ नावाची प्रणाली तयार केली आहे. पण यंत्र देणे वेगळे आणि ते वापरण्याची गरज निर्माण करणे वेगळे.

दुसरा भाग म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर. ब्रिटनमध्ये फसवणुकीचा सबळ संशय असल्यास बँक 72 तासांपर्यंत रक्कम रोखू शकते. आपल्याकडे 2023 च्या नोव्हेंबरात दोन व्यक्तींमधल्या 2,000 रुपयांवरच्या पहिल्या हस्तांतराला चार तास थांबवण्याचा विचार चालू असल्याच्या बातम्या आल्या, आणि यूपीआयचा गळा घोटला जाईल म्हणून ओरड झाली. 2,000 ची मर्यादा फारच खालची होती, हे मान्य. पण यूपीआयचे निम्म्याहून जास्त व्यवहार दुकानदारांना होतात, आणि तेही बहुतांशी किरकोळ रकमांचे. भाजीवाल्याच्या साउंडबॉक्सला कोणी हात लावा म्हणत नाही. अनोळखी खात्यात पहिल्यांदाच जाणारी मोठी रक्कम आणि ठेव मोडून त्याच दिवशी बाहेर जाणारी रक्कम, एवढीच थांबवायची आहे. अशा थांबण्याने काय साधते ते 2024 मध्ये हैदराबादेतल्या स्टेट बँकेच्या एका शाखेत दिसले. घाबरलेल्या ज्येष्ठ खातेदाराला तिथल्या कर्मचाऱ्यांनी प्रश्न विचारून बोलते केले आणि त्याचे 13 लाख वाचले.

भरपाई मिळते म्हटल्यावर लोक बेफिकीर होतील, हा आक्षेप हमखास येतो. त्यात तथ्य आहे, पण थोडे. डिजिटल अरेस्टमध्ये अडकलेला माणूस बेफिकीर नसतो, तो भेदरलेला असतो. ब्रिटनने घोर निष्काळजीपणाला भरपाईतून वगळले आहे, आणि 100 पौंडांपर्यंतची पहिली झळ ग्राहकालाच बसू देण्याची मुभा बँकांना ठेवली आहे. ते आपल्यालाही करता येईल. संगनमताने खोटे दावे होतील ही भीती अधिक खरी आहे. त्यावर पोलिसांत किंवा 1930 या हेल्पलाइनवर तातडीने केलेल्या तक्रारीची अट घालावी लागेल.

दुसरा आक्षेप प्रमाणाचा. 260 लाख कोटींच्या उलाढालीत 22,845 कोटी म्हणजे टक्क्याचा दहावा हिस्साही भरत नाही, मग एवढा बाऊ कशाला? हे दोन आकडे काटेकोरपणे एका मापाचे नाहीत. कालावधी वेगळा आहे आणि सगळी फसवणूक यूपीआयवरची नाही. तरीही तुलना मान्य करू. तोटा एकूण व्यवस्थेच्या मानाने इतका लहान आणि एकेका घराच्या मानाने इतका मोठा असेल, तर तो सर्वांत वाटून टाकण्यासाठी याहून चांगली परिस्थिती कोणती? विम्याचा सगळा धंदा याच गणितावर उभा आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र झटकून टाकता येत नाही. 1 जानेवारी 2020 पासून यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेता येत नाही, आणि देशात सर्वांत जास्त नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. मोठ्या बँकेला जी भरपाई जाणवणारही नाही, ती तालुक्याच्या गावातल्या सहकारी बँकेचा वर्षाचा नफा खाऊ शकते. म्हणून लहान बँकांसाठी सामाईक निधी हवा आणि भरपाईला कमाल मर्यादाही हवी. पैसा कुठून आणायचा याचा एक मार्ग सरकारच्या हातात आधीच आहे. लहान दुकानदारांच्या 2,000 रुपयांपर्यंतच्या यूपीआय व्यवहारांसाठी केंद्राने 2024-25 करिता सुमारे 1,500 कोटींचे प्रोत्साहन अनुदान मंजूर केले. त्यातला 20 टक्के भाग राखून ठेवलेला होता. तांत्रिक कारणाने अडलेले व्यवहार 0.75 टक्क्यांहून कमी आणि यंत्रणा चालू असण्याचा वेळ 99.5 टक्क्यांहून जास्त, या दोन अटी पाळल्या तरच तो बँकेला पूर्ण मिळणार होता. दोन्ही अटी वेगाच्या आणि अखंडतेच्या होत्या. बँकेत किती म्यूल खाती सापडली आणि 1930 वर तक्रार आल्यावर पैसे गोठवायला किती मिनिटे लागली, या दोन अटी त्याच यादीत घालायला नवा कायदाही लागणार नाही.