आज्ञावली-लेखन : हाताने शिकावयाची विद्या

विहिरीत पोहावयास शिकविताना मुलाच्या पाठीला सुके भोपळे बांधतात, कमरेच्या दोरीचे टोक कोणी जाणता माणूस हाती धरतो आणि मग त्याला पाण्यात सोडतात. काठावर बसून हातपाय कसे मारावेत याचे कितीही वर्णन ऐकले, तरी तेवढ्यावर कोणी पोहू लागल्याचे ऐकिवात नाही. संगणकाची आज्ञावली लिहिण्याची विद्या याच जातीची आहे. आपल्या शाळेतून दरवर्षी काही विद्यार्थी अभियांत्रिकी महाविद्यालयात जातात. स्थापत्य, यंत्र, विद्युत् यांपैकी कोणतीही शाखा घेतली, तरी पहिल्या वर्षी बहुधा हा विषय त्यांच्यापुढे येतोच. तो कसा शिकावा, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

आज्ञावली म्हणजे संगणकाने कोणती कृती कोणत्या क्रमाने करावी, याच्या निःसंदिग्ध सूचनांची यादी. आजी सुनेला भाजी सांगताना 'चवीपुरते मीठ घाल' म्हणते आणि सुनेला ते पुरते. कारण उरलेले तिला ठाऊक असते. यंत्राला असे अध्याहृत काहीच कळत नाही. त्याला मीठ किती, केव्हा व कशात, हे सांगावे लागते; आणि आपण चुकीचे सांगितले, तर ते तितक्याच निष्ठेने चुकीचे करते. म्हणूनच या विद्येत यंत्रापेक्षा स्वतःच्या विचारांचीच परीक्षा अधिक होते.

आपल्या देशात ही विद्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष यंत्रावर शिकविण्यास आरंभ करणाऱ्या संस्थांत कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे स्थान अग्रभागी आहे. तेथे १९६३ साली आयबीएम १६२० हा संगणक आला. विद्यार्थी फोर्ट्रान भाषेत सूचना लिहीत, त्या छिद्रांच्या रूपाने पुठ्ठ्याच्या कार्डांवर उमटवीत आणि कार्डांची चळत यंत्राला वाचावयास देत. एका कार्डावर ८० स्तंभ असत. एक छिद्र चुकले, तर ते कार्ड नव्याने करावे लागे. महागडे यंत्र काचेआड ठेवून विद्यार्थ्यांना केवळ दाखवावे, असा विचार तेथे झाला नाही. त्यांना यंत्राजवळ जाऊ दिले गेले. तेथे अध्यापन करणारे प्रा. वैद्येश्वरन राजारामन यांची पाठ्यपुस्तके पुढे देशभर वापरली गेली. कार्डे केव्हाच इतिहासजमा झाली. परंतु हात लावून शिकण्याचे तत्त्व तेच राहिले.

आता प्रयोगशाळेतील एक साधा पाठ पाहू. पाच विषयांच्या गुणांची सरासरी काढावयाची आहे. गुण ७२, ६५, ५८, ८१ व ७१; बेरीज ३४७; सरासरी ६९.४. चांगला शिक्षक हे उत्तर प्रथम कागदावर काढावयास लावतो आणि मगच यंत्राजवळ जाऊ देतो. विद्यार्थी सी भाषेत आज्ञावली लिहितो. पहिल्या खेपेस एखादे अर्धविरामचिन्ह राहून जाते आणि यंत्र सूचना स्वीकारीतच नाही. ही व्याकरणाची चूक. ती लगेच दिसते. दुसऱ्या खेपेस विषयांच्या संख्येच्या जागी शून्य राहते आणि शून्याने भागण्याची पाळी आल्यामुळे आज्ञावली मध्येच बंद पडते. ही चूकही लपत नाही. तिसऱ्या खेपेस मात्र सर्व काही सुरळीत चालते आणि पडद्यावर उत्तर येते, ६९! यंत्राची काही तक्रार नाही. सी भाषेत पूर्णांकाला पूर्णांकाने भागले की अपूर्णांक गळून जातो, हा तिचा नियमच आहे. ज्याने कागदावर ६९.४ आधीच लिहून ठेवले आहे, त्यालाच ही चूक दिसते. तिन्हींत ही अधिक घातक. कारण ती बरोबर उत्तराचा वेष घेऊन येते.

प्रस्तुत लेखकही मराठी माध्यमातून शिकून महाविद्यालयात गेला. पहिल्या प्रात्यक्षिकाच्या दिवशी पडद्यावरील इंग्रजी शब्द पाहूनच छाती दडपली आणि शेजाऱ्याची आज्ञावली अक्षरशः उतरवून घेतली. ती चालली. शिक्षक आले, त्यांनी पाहिले, आणि न रागावता म्हणाले, "छान. आता विषय पाचांऐवजी सात कर." मी गुण घेण्याच्या ठिकाणी पाचाचे सात केले, भागण्याच्या ठिकाणी पाच तसेच राहिले. सरासरी शंभराच्या वर गेली! शिक्षक एवढेच म्हणाले, "ही तुझी नाही. तुझी असती, तर पाच कुठे कुठे आहे हे तुला ठाऊक असते." त्या सायंकाळी वसतिगृहात बसून तीच कृती मी प्रथम मराठीत, एकाखाली एक पायऱ्या करून लिहिली. तेव्हा उमगले की अडसर इंग्रजीचा नव्हता. विचार केलाच नव्हता. आज्ञावलीच्या भाषेतील इंग्रजी शब्द थोडे असतात आणि ते सरावाने अंगवळणी पडतात. चुकीची सूचना दिसली की घाबरून ती पुसू नये. ती कोणत्या ओळीकडे बोट दाखविते ते सावकाश वाचावे. विचार मात्र ज्या भाषेत स्वच्छ होतो, त्या भाषेत करावा.

एवढा काटेकोरपणा कशासाठी, असे कोणी विचारील. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियान ५ या युरोपीय अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले आणि सुमारे ४० सेकंदांत तो चार उपग्रहांसह नष्ट झाला. कारण काय? आधीच्या एरियान ४ साठी लिहिलेला आज्ञावलीचा एक भाग त्यात तसाच वापरला होता. आडव्या दिशेच्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या त्यात १६ बिटांच्या जागेत ठेवली जाई. अशा जागेत ३२,७६७ हून मोठी संख्या मावत नाही. नव्या अग्निबाणाचा वेग अधिक, म्हणून संख्या मोठी झाली आणि दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. जोडीला ठेवलेल्या दुसऱ्या यंत्रणेतही तीच आज्ञावली असल्याने तीही त्याच रीतीने निकामी झाली. नव्या उड्डाणमार्गाची आकडेवारी घालून त्या यंत्रणेची चाचणी आधी झालीच नव्हती. माझ्या सात विषयांत राहून गेलेले पाच आणि हा अपघात यांत प्रकाराचा भेद फारसा नाही. भेद आहे तो परिणामाचा. उद्या पूल, जनित्रे वा रुग्णालयातील उपकरणे ज्यांच्या हिशेबावर चालावयाची, त्यांनी असल्या चुका प्रयोगशाळेतच करून घेतलेल्या बऱ्या.

याचा आरंभ करावयास संगणकही लागत नाही. विद्यार्थिमित्रहो, दिलेले वर्ष लीप वर्ष आहे की नाही हे ठरविण्याच्या पायऱ्या मराठीत लिहून काढा. मग धाकट्या भावंडाला त्या वाचावयास द्या आणि स्वतः एक शब्दही न बोलता त्याच्याकडून २०२४, २०२३, १९०० व २००० ही चार वर्षे तपासून घ्या. १९०० हे लीप वर्ष नव्हते आणि २००० होते. तुमच्या पायऱ्यांनी चारही उत्तरे बरोबर आली, तर पहिली आज्ञावली तुम्ही लिहिलीत. न आली, तर अधिकच उत्तम. कोणती पायरी चुकली ते शोधण्यास बसा. विद्या तेथूनच सुरू होते.